अकरा दिवसांचा पाव

सिंधुची आई वास घेतल्याशिवाय घास तोंडात घालत नव्हती. चुलीवरची गरम भाकरी असो, लग्नातली बुंदी असो की देवाचा प्रसाद, लक्ष्मीबाई आधी ते नाकाशी न्यायची, क्षणभर तशीच थांबायची आणि मगच खायची. पंगतीत बायका एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. काही यजमानांना तो अपमानही वाटायचा. शेषेराव, म्हणजे सिंधुचे वडील, सुरुवातीला चिडायचे, "आगं, चार माणसात तरी असं करू नगंस." पुढं पुढं त्यांनीही नाद सोडला. "भूकंपापास्नं तिचं असं झालंय," एवढंच ते सांगायचे आणि ऐकणारा मान हलवायचा. त्या भागात भूकंपापासून ज्याचं त्याचं काहीतरी झालेलंच होतं. कुणी छताखाली झोपत नव्हतं, कुणी रस्त्यानं ट्रक गेला की ताटावरून उठून बाहेर पळत होतं. लक्ष्मीबाई वास घेत होती.

खरं कारण फक्त सिंधुला माहीत होतं.

त्र्याण्णव साली ती अकरा वर्षांची होती आणि तिचा भाऊ वैजनाथ पाच वर्षांचा. तेरणेच्या काठचं त्यांचं गाव दगडमातीच्या जाड भिंतींचं होतं, आणि त्या पहाटे ते जमिनीला मिळालं. शेषेराव गणपती बुडवून परस्पर शेतावर गेले होते. लक्ष्मीबाईनं घरात उकडतंय म्हणून लेकरांना पत्र्याच्या पडवीत घेऊन अंथरूण टाकलं होतं. भिंत पलीकडच्या अंगाला पडली. चौघंही वाचले. ज्या गल्लीत प्रत्येक दारातून दोन-तीन प्रेतं निघाली, त्या गल्लीत एकाच घरातली सगळी माणसं राहिली. बायका रडता रडता लक्ष्मीबाईच्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि म्हणायच्या, "नशीब काढलंस बाई." त्या म्हणण्यात थोडा रागही असायचा.

मग पाऊस आणि ट्रक. कुठल्या कुठल्या गावांहून माणसं अन्न पाठवत होती. पुऱ्या, पावाच्या लाद्या, बुंदीची पाकिटं, केळी. एके दिवशी इतकं यायचं की खायला तोंडं पुरायची नाहीत, दुसऱ्या दिवशी चिखलात रस्ता बंद म्हणून काहीच नाही. प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधलेलं अन्न दोन-तीन दिवसांच्या प्रवासात आतल्या आत घामेजायचं. पुरीचा तुकडा मोडला की तार निघायची. रस्त्याच्या कडेला नासक्या अन्नाचे ढीग लागले होते आणि जवान नाकाला रुमाल बांधून त्यावर पांढरी पावडर मारत होते.

नवव्या दिवशी ट्रक आला नाही. दुपारपर्यंत वैजनाथ भुकेनं किरकिरून दमला होता. लक्ष्मीबाईनं छावणीतल्या त्यांच्या तंबूच्या कोपऱ्यातली एक पिशवी सोडली. आत अर्धी लादी होती आणि पावाच्या कडेला हिरवट-निळी बुरशी धरली होती. तिनं नखानं तेवढा भाग खुडून बाहेर टाकला, उरलेला पाव पाण्यात बुडवला आणि पोराला भरवला. सिंधु समोर बसून बघत होती. "तू मागू नगंस बाई," आई म्हणाली, "थोडाच हाय, ल्हानग्याला राहू दे."

संध्याकाळपासून वैजनाथला उलट्या-जुलाब सुरू झाले. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांच्या तंबूत, आईच्या मांडीवर, तो गेला. तंबूतल्या डॉक्टरनं विचारलं, काय खाल्लं होतं. लक्ष्मीबाई म्हणाली, "काय न्हाई. पानी गढूळ हाय हितलं. पान्यानं झालं." शेषेरावांनाही तिनं तेच सांगितलं. सांगताना तिनं सिंधुकडं एकदाच पाहिलं, आणि सिंधुनं मान खाली घातली. त्या दोघींमध्ये पुढं वीस-बावीस वर्षं ती गोष्ट तशीच राहिली. पुढं गावात मेलेल्यांच्या नावांची फरशी बसली, तिच्यावर वैजनाथचं नाव आलं नाही. तो भूकंपात गेला नव्हता.

सिंधु अभ्यासात हुशार निघाली. नव्या गावठाणातल्या एकसारख्या घरांच्या रांगेत, शाळेच्या पत्र्याखाली ती दहावी झाली आणि बारावीला लातूरला गेली. लातूरच्या नावाचा तेव्हा सगळीकडं गवगवा झाला होता. पोरं पहाटेपासून पुस्तकात डोकं घालून बसत आणि निकालाच्या दिवशी यादीत झळकत. सिंधुचं मेडिकल थोडक्यात हुकलं. मग तिनं बी.एस्सी. केलं आणि वनस्पतिशास्त्र घेऊन एम.एस्सी.ला नांदेड गाठलं.

तिथं पहिल्या वर्षी सूक्ष्मजीवांच्या तासाला तिला एक गोष्ट कळली. पावावर येणारी ती हिरवी-निळी बुरशी पोटात गेली तर सहसा पोट बिघडतं, फारतर उलटी होते. पाच वर्षांचं धट्टंकट्टं लेकरू ती तीन दिवसांत मारत नाही. तसं मरण पाण्यातून येतं. म्हणजे आई जे खोटं म्हणून सांगत होती, तेच बहुधा खरं होतं. सिंधु त्या दिवाळीला घरी गेली तेव्हा तिनं आईला एकटं गाठून हे सांगितलं. लक्ष्मीबाई तुरीची डाळ पाखडत होती. तिनं सूप थांबवलं नाही. "तुजं शिक्षान तुज्यापाशी," ती म्हणाली. "मी भरिवला त्यो. तू न्हाई."

तेव्हा सिंधुनं मनाशी ठरवलं की पीएचडी करायची ती अन्न टिकवण्यावरच. महागड्या रसायनांचं नको. कुठल्याही गावात, कुठल्याही तंबूत मिळेल असं काहीतरी हवं. वाट कुठून काढायची ते तिला तिच्या वर्गातल्या लुबनाच्या घरी सापडलं. लुबनाचं घर नांदेडातच इतवारा भागात होतं, तिच्या वडिलांचं, तय्यबभाईंचं, मटणाचं दुकान होतं आणि तिची आई सुलतानबी उन्हाळ्यातसुद्धा गोश्त बिघडू देत नसे. सिंधु मटण खात नव्हती, पण सुलतानबीच्या स्वयंपाकघरात तिला कुणी परकं मानत नव्हतं. एकदा सिंधु डाळिंब सोलून साल केरात टाकायला निघाली, तर सुलतानबीनं तिचा हात धरला.

"छिलका नक्को फेको बेटी. उबाल के इसका पानी गोश्त कू लगाए तो धूपकाले में बी दो रोज बास नै मारता. हमारी सास करते थे."

सिंधुनं ती साल ओढणीच्या टोकाला बांधून नेली.

दुसरी गोष्ट तिची स्वतःची होती. विष्णुपुरीच्या धरणामागं गोदावरीचं पाणी तुंबून राहतं. तिथं काठच्या दगडांवर केसांसारखं लांब हिरवं शेवाळ धरतं. तेच शेवाळ ताटात ठेवलं, सुकलं, तरी त्याला बुरशी येत नाही, हे तिनं पाहिलं होतं. सकाळी रिक्षानं जाऊन, चपला हातात घेऊन, घोट्याएवढ्या पाण्यात उतरून ती आणि लुबना बादल्या भरत. जाळं पसरणारे लोक हसत. "मॅडम, मासे सोडून घान कशाला न्यायलाव?" शेवाळ सावलीत वाळवायचं, कुटायचं, स्पिरिटमध्ये भिजवून त्याचा अर्क काढायचा, गाळायचा, आटवायचा. नुसतं शेवाळ कमी पडायचं. नुसत्या सालीनं पाव कडू व्हायचा. दोन्हींचं प्रमाण जमवता जमवता दीड वर्ष गेलं.

प्रयोगाला ती पावच घ्यायची. तिचे मार्गदर्शक नळगीरकर सर म्हणायचे की दुधाचे पदार्थ घे, फळांचे रस घे, लोक तेच वाचतात. ती हो म्हणायची आणि पाव आणायची. काचेच्या झाकणाखाली एक साधा तुकडा, एक अर्क लावलेला. साधा चौथ्या दिवशी हिरवा व्हायचा. रोज ती झाकणाला नाक लावून बसायची. त्या रंगाची तिला इतकी ओळख होती की ठिपका उमटायच्या आदल्या दिवशीच ती बोट ठेवून दाखवायची, इथं येणार. अर्क लावलेला तुकडा पाचव्या दिवशी स्वच्छ राहिला, आठव्या दिवशी राहिला. दहाव्या दिवशी तिनं गावी फोन लावला आणि आईला दुसऱ्या दिवशी बोलावून घेतलं.

लक्ष्मीबाई एस.टी.नं आली. चाकूरला गाडी थांबली तेव्हाही ती खाली उतरली नव्हती की काही खाल्लं नव्हतं. प्रयोगशाळेत ती पदर सावरून स्टुलाच्या कडेवर बसली. सिंधुनं तो तुकडा तिच्या हातावर ठेवला. लक्ष्मीबाईनं तो नाकाशी नेला. बराच वेळ. उलटा करून पुन्हा नेला. मग तिनं तो खाल्ला, सगळा, हातावरचा चुरासुद्धा.

"जरा तुरट लागतोय," ती म्हणाली. "आज सकाळचा हाय?"

"न्हाई आई. आकरा दिवसांचा हाय."

लुबना बाजूला उभी होती, तिला वाटलं म्हातारी आता लेकीच्या तोंडावरून हात फिरवेल. लक्ष्मीबाईनं फक्त विचारलं, "ह्ये तवा कुटं होतं?"

पण त्या दिवशी आईला बसमध्ये बसवून परत येताना तिला वाटलं होतं की आपण काहीतरी केलं. त्यानंतर तसं तिला कधी वाटलं नाही.

पुढच्या वर्षी सरांच्या प्रकल्पाला मोठी मदत मिळवण्यासाठी बाहेरच्या तज्ज्ञांची समिती आली. नळगीरकर सर वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, निवृत्तीला आले होते आणि आपल्या विभागात एक चांगलं यंत्र यावं एवढीच त्यांची इच्छा होती. सिंधुनं कधीतरी त्यांना सांगितलं होतं की आपला भाऊ भूकंपानंतर छावणीत दगावला, अन्नाचं फार वाईट होतं. समितीपुढं त्यांनी पडद्यावर पहिलंच चित्र लावलं ते पडलेल्या घरांचं, वर्तमानपत्रातलं. "माझी ही विद्यार्थिनी," ते म्हणाले, "हिनं आपला सख्खा भाऊ नासक्या अन्नापायी गमावला आहे." मागच्या रांगेतून च्च-च्च ऐकू आलं. एका तज्ज्ञानं वळून तिच्याकडं पाहिलं. मग शेवाळाच्या आकृत्या आल्या आणि मग चहा आणि खारी. मदत मंजूर झाली. सर तिला म्हणाले, "तुझ्यामुळे झालं हो हे." कशामुळे झालं ते तिला समजलं होतं.

नवं यंत्र आलं, फ्रीज आला. पण वीज नव्हती. त्या वर्षांत मराठवाड्यात दिवसदिवस भारनियमन असायचं. विभागाचा इन्व्हर्टर एका मे महिन्यात ऑनलाइन अर्ज भरायच्या खोलीत हलवला, "चार दिवसांसाठी" म्हणून. सिंधु तेव्हा गावी होती, वडील आजारी होते. शेषेराव गेले. तेराव्यानंतर ती नांदेडला परतली आणि फ्रीजचं दार उघडलं तर आतून कोमट, आंबट वास आला. दोन वर्षांचे नमुने, अर्काच्या बाटल्या, बशांमध्ये वाढवलेलं शेवाळ, सगळं एकात एक मिसळलं होतं. अन्न टिकवायच्या औषधालाच बुरशी आली होती. कारकून म्हणाला, "मॅडम, एवढं काय, पुन्हा करा." नळगीरकर सर तोवर निवृत्त झाले होते. जाण्याआधी त्यांनी एक शोधनिबंध छापून आणला होता, त्यात तिचं नाव तिसरं होतं.

जो थोडा अर्क लुबनाच्या घरी ठेवला होता तो घेऊन ती एकदा लातूरला एका बेकरीवाल्याकडं गेली. हमजाभाई समजूतदार होते. त्यांनी तिच्यासमोर अर्क घातलेल्या पावाचा एक घाणा भाजून घेतला, अकरा दिवस ठेवला आणि अकराव्या दिवशी तिला बोलावून पाव मोडून दाखवला. आतून मऊ होता.

"मॅडम, चीज तुमची खरी आहे," ते म्हणाले. "पण रंग बघा. हिरवट मारतो. लोकांना वाटेल शिळाय. आणि मला टिकवून करायचं काय? तुम्ही ट्यूशन एरिया बघितलाव का? सकाळी सहाला पोरं रांग लावतात. नवाला माझं कपाट रिकामं. दुपारचं मी दुपारी करतो." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "कुणाला लागतो हो अकरा दिवसांचा पाव?"

तिला म्हणावंसं वाटलं, ज्यांना लागतो त्यांची दुकानं नसतात. पण ती उठली. हमजाभाईंनी बळंच एक लादी तिच्या पिशवीत घातली.

परत नांदेडला जाण्याऐवजी ती त्याच ट्यूशन एरियात एका क्लासची पाटी वाचत उभी राहिली. बायॉलॉजीसाठी शिक्षक पाहिजेत. "एखादं वर्ष," ती लुबनाला फोनवर म्हणाली. "हातात काही आलं की पुन्हा सुरू करते." लुबनाला तेव्हाच कळलं होतं की ही आता परत येणार नाही.

क्लासचे मालक शिवप्पा सर. स्वतः एकेकाळी सायकलवर फिरून शिकवण्या केलेले, आता तीन मजल्यांचे धनी. सिंधु शिकवायची चांगली. अडीचशे पोरं एका हॉलमध्ये, गळ्यात माइक, भिंतीवर चार पंखे. शेवाळाचा धडा दहा-पंधरा मिनिटांत संपायचा. हिरवं, तपकिरी, लाल. कशापासून काय मिळतं, तक्ता पाठ करा. परीक्षेत एक प्रश्न, तोही दर वर्षी नाही. एकदा पुढच्या बाकावरच्या तनुजा नावाच्या मुलीनं हात वर केला, "मॅडम, आपल्या गोदावरीत कुठलं असतं?" सिंधु फळ्याकडं वळली. "ते सिलॅबसमध्ये नाही," ती म्हणाली. बोलून झाल्यावर तिला आपलाच आवाज विचित्र वाटला, पण बॅच मोठी होती, घड्याळ पुढं जात होतं.

आई तिच्याकडं लातूरला राहायला आली. दोन खोल्या होत्या. आजूबाजूला सगळी तशीच बिऱ्हाडं. गावाकडं नवरा आणि शेत ठेवून पोरांच्या शिक्षणासाठी खोली करून राहणाऱ्या आया. शेजारी सरजाबाई होती, तिचा मुलगा याच क्लासला होता. दुपारी दोघी जिन्यात बसून बोलत. सरजाबाईच्या हातचं लक्ष्मीबाई वास न घेता खायला लागली नव्हती, पण निदान सरजाबाई हसत नव्हती.

प्रवेशाच्या दिवसांत, जूनमध्ये, शिवप्पा सर तळमजल्यावरच्या मोठ्या हॉलमध्ये पालक-मेळावा घ्यायचे. दुसऱ्या वर्षी त्यांनी सिंधुला केबिनमध्ये बोलावलं. "मॅडम, तुम्ही भूकंपाच्या ना? चार शब्द बोला. पोरांना जिद्द कळू द्या." तिनं नकार दिला. त्यांनी आग्रह केला, ते चांगले वागत आले होते, आईच्या आजारपणात त्यांनी रजा दिली होती. ती उभी राहिली आणि जेमतेम पाच मिनिटं बोलली. घर पडलं, छावणीत राहिलो, लहान भाऊ गेला, पत्र्याच्या शाळेत शिकले. खाली उतरल्यावर अनोळखी बाया येऊन तिचा हात हातात घेत होत्या. नळगीरकर सरांच्या पडद्यावर लागलेलं चित्र तिला आठवलं. पण ते दुसऱ्यानं लावलेलं होतं. हे ती स्वतः बोलली होती, आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं होतं. इतक्या वर्षांत वैजनाथसाठी कुणी रडलं नव्हतं.

दर जूनला ते भाषण व्हायला लागलं. शिवप्पा सर नंतर सूचना करायचे. "मॅडम, 'भाऊ गेला' एवढ्यावर सोडू नका. कसा गेला ते सांगा. पोरांना दिसलं पाहिजे." एका वर्षी तिनं पावाचं सांगितलं. पुढच्या वर्षी बुरशीचं. "आईनं दिला का तुम्ही दिला?" सरांनी विचारलं. ती म्हणाली, "आईनं." "मग आईचा हात सांगा ना. तिथं माणूस हलतं." तिनं आईचा हात सांगितला. नखानं खुडलेली कड सांगितली. शेवटी ती म्हणायची, "त्या पावानं माझा भाऊ नेला, आणि त्या दिवशी मी ठरवलं की मी असा पाव करीन जो नासणार नाही. आणि मी तो केला." टाळ्या पडायच्या. पावानं भाऊ गेला नसावा, हे तिच्याइतकं त्या हॉलमध्ये कुणालाच माहीत नव्हतं. आणि तो तयार झालेला पाव कुठं आहे, हे कुणी विचारत नव्हतं.

पाचव्या की सहाव्या वर्षी सरजाबाई दुपारी दारात आली. "लक्ष्मीबाई, चला की. तुमची लेक लई भारी बोलती म्हनं. आमचा पोरगा घरी येऊन रडला व्हता मागल्या साली." लक्ष्मीबाईनं धुवट लुगडं नेसलं आणि ती गेली. सिंधुला त्याचा पत्ता नव्हता. दोघी मागच्या रांगेत, खांबाआड बसल्या.

सिंधु बोलत होती. रोजच्या तासासारखा आवाज लागला होता, कुठं थांबायचं ते ठरलेलं होतं. नखाच्या जागी ती थांबली तेव्हा तिला मागं हालचाल दिसली. दोन हजार माणसं बसलेली असताना एक बाई उभी राहिली होती. तिनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, रांगेतल्या गुडघ्यांमधून वाट काढली आणि ती बाहेर गेली. मागोमाग सरजाबाई धडपडत गेली. सिंधुला आई ओळखू आली. तिचं पुढचं वाक्य पाठ होतं, ते तोंडातून निघालं. टाळ्या पडल्या.

घरी आली तेव्हा लक्ष्मीबाईची पिशवी भरलेली होती. सरजाबाई जिन्यात उभी राहून डोळे पुसत होती, "मला काय ठावं गं बाई, मला काय ठावं."

"आई," सिंधु म्हणाली, "थांब. ऐक तरी."

"ऐकलं की," लक्ष्मीबाई म्हणाली. "तुजा बाप मरूस्तोर मी त्याला बोलले न्हाई. तू माइकात बोललीस."

ती संध्याकाळच्या गाडीनं गावी गेली.

सिंधु पंधरा दिवसांनी गेली तेव्हा आई परसात मिरच्यांचे देठ खुडत बसली होती. तिनं पाणी दिलं, जेवायला वाढलं, सिंधुनं पेरणीचं विचारलं तसं शेजारच्यांनी किती एकर सोयाबीन पेरलं ते सांगितलं. रागाचं एक अक्षर नाही. सिंधुलाच राहवलं नाही. "चुकलं माझं," ती म्हणाली. "आई, त्याला कुणी ओळखत नव्हतं गं. दगडावर नाव नाही, फोटो नाही. मला वाटलं, निदान चार माणसांना कळू दे."

लक्ष्मीबाईनं हातातली मिरची खाली ठेवली. "चार न्हाई. दोन हजार व्हते. दर सालाला दोन हजार." बोटं पदराला पुसत ती म्हणाली, "त्यो माजा व्हता. कसा का गेला, माज्या हातानं गेला, माजा व्हता. मी त्याला कुनाला दिला न्हवता. आता समद्यांचा झाला. माज्याकडं काय राह्यलं?"

सिंधुनं पुन्हा ते पाण्याचं सांगायला तोंड उघडलं. आईनं हात वर केला. "जा. गाडी चुकंल. येत जाय." येत जाय म्हणाली, पण लातूरला पुन्हा राहायला कधी आली नाही.

पुढच्या जूनला सिंधुनं शिवप्पा सरांना सांगितलं की आपण बोलणार नाही. वाद घालायची तयारी करूनच ती गेली होती. सर शांतपणे म्हणाले, "नका बोलू मॅडम. मी समजू शकतो. मागच्या सालचं रेकॉर्डिंग आहे. चांगलं आलंय."

तिला आधी समजलंच नाही. मग ती म्हणाली की ते काढून टाका, त्यात माझ्या आईचं आहे. सरांनी हात जोडले. "मॅडम, ते आता क्लासचं झालं. फोनवर किती जणांनी बघितलंय तुम्हाला अंदाज नाही. उस्मानाबादहून पालक येतात ते बघून. मी काढलं तरी ते कुठं कुठं गेलंय? तुम्ही मनाला लावून घेऊ नका. तुमच्या बॅचेस वाढवतोय मी."

ती केबिनमधून बाहेर आली. पीएचडीची मुदत दोन वर्षांपूर्वीच संपली होती, तसं पत्र कपाटात होतं. लुबना नांदेडला एका कॉलेजात लागली होती. तिनं गेल्याच महिन्यात कुणा परदेशी लोकांचा निबंध पाठवला होता, डाळिंबाची साल आणि शेवाळ, पावावरच. खाली फक्त लिहिलं होतं, "बघ." सिंधुनं तो उघडून पहिलं पान वाचलं होतं. प्रमाण वेगळं होतं. त्यांचा पाव नऊ दिवस टिकला होता.

मेळाव्याच्या दिवशी हॉलमध्ये दिवे घालवले गेले. सिंधु वरच्या मजल्यावर, पुन्हा परीक्षेला बसणाऱ्या पोरांच्या रिपीटर बॅचचा तास घेत होती. श्वसनाचा धडा चालू होता. खालून लाऊडस्पीकरमधून तिचाच आवाज जिन्यानं वर येत होता, आणि नखाच्या जागी तो नेमका तितकाच थांबला. पुढच्या बाकावरच्या पोरांनी मान वर करून तिच्याकडं पाहिलं.

"दार लावून घ्या," सिंधु म्हणाली. एका मुलानं उठून दार लावलं. आवाज कमी झाला, बंद झाला नाही. तिनं खडू उचलला आणि पुढची आकृती काढायला घेतली.